प्रमाणपत्रावरचं नाव

प्रशिक्षण दहा दिवसांचं होतं. त्याच्या प्रमाणपत्रावरचं नाव दुरुस्त करून घ्यायला मला पाच महिने लागले. वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण ज्यांचं व्हायचंय, त्यांनी नोंदणीचा अर्ज स्वतःच भरावा, एवढं आधी सांगते.

मी नाशिकरोडच्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. बारा वर्षं सेवा झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस झाली की निवडश्रेणी, म्हणजे पगाराची वरची पायरी. पण प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राशिवाय प्रस्ताव हलत नाही. २००० रुपये शुल्क भरलं, हजेरी दिली, चाचण्या झाल्या, प्रमाणपत्र आलं. त्यावर माझं माहेरचं आडनाव होतं.

सेवापुस्तकात आणि शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत लग्नानंतरचं नाव. नोंदणी आमच्या लिपिकभाऊंनी केली, तीही बी.एड.ची गुणपत्रिका समोर ठेवून. मी म्हटलं, "भाऊ, एकदा विचारायचं तरी!" ते म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी सात जणांचे फॉर्म भरले." खरं तर सही करताना मीही वाचलं नव्हतं.

दुरुस्तीसाठी लॉगिन हवं, त्यासाठी ओटीपी. मोबाईल नंबर दिला होता भाऊंचाच, आणि तोवर त्यांची बदली संस्थेच्या मालेगावच्या शाखेत झालेली. ओटीपी टिकणार दहा मिनिटं. भाऊ कधी वर्गणीच्या पावत्या फाडत असायचे, कधी रेंजमध्ये नसायचे. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला जमलं, तर आत नाव बदलायची सोयच नव्हती. मेल करा, असं लिहिलेलं. दोन मेल केले, उत्तर नाही. मग सीबीएसची, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाची बस धरून कार्यालयात. पहिल्या खेपेला नावबदलाच्या राजपत्राची प्रत मागितली, दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापकांचं पत्र, तिसऱ्या खेपेला त्याच पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. हे तिन्ही एकदमच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चौथ्या खेपेला संबंधित टेबलवरचे साहेब रजेवर.

प्रत्येक खेपेला अर्धी किरकोळ रजा गेली आणि माझे तास बदलीवर दुसऱ्यांना गेले. गंमत म्हणजे प्रशिक्षणात एक गोष्ट खरंच कामाची मिळाली होती: तास संपायच्या आधी पाच मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. त्या चिठ्ठ्यांमुळे नववीच्या मुलांना वस्तुमान आणि वजन एकच वाटतं, हे मला चाचणी परीक्षेच्या आधीच कळलं. पण गति नियमांच्या ऐन आठवड्यात मी झेरॉक्सच्या रांगेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. माझ्या खेपांचे तास त्यात धरतील का?

हो, एक राहिलंच. शुल्क भरल्याच्या पावतीचा आणि भरलेल्या अर्जाचा प्रिंट त्याच दिवशी काढा. माझं घोडं शेवटी त्या पावतीवरच्या नोंदणी क्रमांकामुळे पुढे सरकलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुरुस्त प्रमाणपत्र आलं. नाव बरोबर. प्रस्ताव गेलाय, यावेळी जावक क्रमांक मी स्वतः उभं राहून टाकून घेतला.