रुग्णालयाच्या नावे मृत्युपत्र: माझा अनुभव

माझ्या पश्चात माझ्या बचतीचा मोठा भाग लातुरातील एका धर्मादाय रुग्णालयाला मिळावा, असे मृत्युपत्र मी नुकतेच नोंदवले. माझे यजमान अखेरची काही वर्षे तिथेच आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेत असत. शेजारच्या खाटेवर औसा तालुक्यातून पहाटेची एसटी धरून आलेला एक सालगडी असे, आणि त्याच्या बिलावर सवलत लिहिताना काउंटरवरची मुलगी रांगेतल्या कोणाला कळू नये म्हणून आवाज खाली आणत असे. अशी माणसे घडवणाऱ्या संस्थेच्या हाती आपला पैसा जावा, हे माझे तेव्हाच ठरले होते. ती इच्छा कायद्याच्या चौकटीत बसवायला मात्र वेळ द्यावा लागला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. ज्यांच्याकडे गेले ते वकील माझेच विद्यार्थी. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "बाई, आधी तुमचं स्वतःचं काय आहे ते लिहू, कोणाला द्यायचं ते नंतर." हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आम्ही राहतो ते घर यजमानांनी घेतलेले असून ते मृत्युपत्र न करता गेले. त्यामुळे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यात माझा, मुलाचा आणि मुलीचा सारखा वाटा आहे, आणि मुलांनी हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय अख्खे घर कोणालाही देण्याचा अधिकार मला नाही. घराचा विषय मी तिथेच सोडला. उरली ती माझ्या पगारातून उभी राहिलेली मिळकत: ठेवी, शहरालगतचा एक एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट आणि माझ्या नावावरची थोडी कोरडवाहू जमीन.

जमीन रुग्णालयाला द्यावी अशी माझी फार इच्छा होती, कारण ती मी एकेक पैसा जोडून घेतली होती. वकिलांनी ती मान्य केली नाही. मराठवाड्यात आजही १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे, आणि शेतकरी नसलेल्याकडे जमीन जाण्यावर त्यात निर्बंध आहेत. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात, तिथल्या कुळकायद्याने घातलेली बंदी मृत्युपत्राच्या वाटेने चुकवता येत नाही, असा निर्णय दिलेला आहे. रुग्णालयाचा न्यास शेतकरी नव्हे. म्हणजे मी जमीन लिहून दिली असती, तर माझ्या मागे त्यांच्या पदरात दान पडण्याऐवजी तहसीलचा वाद पडला असता. जमीन आता ती कसणाऱ्या पुतण्याला लिहिली आहे.

प्लॉटच्या बाबतीत रुग्णालयाच्या विश्वस्तांनीच मोलाची गोष्ट सांगितली. सार्वजनिक न्यासाला आपली स्थावर मालमत्ता विकायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. "काकू, आम्हाला प्लॉटपेक्षा त्याचे पैसे उपयोगी पडतील," असे ते स्पष्ट बोलले, आणि त्या स्पष्टपणाने माझा विश्वास वाढला. म्हणून मृत्युपत्रात एक व्यवस्थापक नेमला असून, त्याने प्लॉट विकून येणारी रक्कम रुग्णालयाला द्यावी, असे लिहिले आहे. व्यवस्थापक म्हणून मी वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान असलेली भाची निवडली. ती हिशेबाला चोख आहे आणि तिला माझ्या मिळकतीतून काही मिळायचे नाही.

ठेवींबद्दल एक गोष्ट पुष्कळ लोकांना माहीत नसते. बँकेत नॉमिनी म्हणून व्यक्तीचेच नाव लावता येते, संस्थेचे नाही. आणि नॉमिनीला पैसे हाती मिळाले तरी तो त्यांचा मालक होत नाही, ते मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काने ज्याचे असतील त्याला द्यावे लागतात. यासाठी ठेवींवर त्या भाचीचेच नाव लावून घेतले. पावत्यांचे क्रमांक मृत्युपत्रात घातले नाहीत, कारण ठेवी मुदत संपली की बदलतात.

मुलांना मी हे सगळे आधीच सांगितले. मुलगा लगेच हो म्हणाला. मुलीने मात्र खरा प्रश्न विचारला: "आई, तूच चार वर्षं अंथरुणाला खिळलीस तर?" त्यावर वकिलांनी समजावले की मृत्युपत्र मरणानंतरच अमलात येते, तोपर्यंत पैसा माझाच, आणि ते मी कधीही बदलू किंवा रद्द करू शकते. तरीही तिच्या प्रश्नामुळे ठरावीक रकमेऐवजी "माझ्या मृत्यूच्या दिवशी शिल्लक असलेल्या ठेवींपैकी दोन तृतीयांश" असे शब्द घातले. उरलेला भाग तिचा आणि भावाचा.

संस्थेचे नाव हा आणखी एक नाजूक मुद्दा. फाटकावरच्या पाटीवर असते ते रुग्णालयाचे नाव. देणगी घेणारा कायदेशीर धनी असतो तो नोंदणीकृत न्यास, आणि त्याचे नाव पुष्कळदा वेगळे असते. मी धर्मादाय कार्यालयातील नोंदीचा उतारा मागून घेतला आणि त्यातले नाव व नोंदणी क्रमांक अक्षरशः उतरवले. हेतू लिहिताना मला फक्त डायलिसिस हवे होते. विश्वस्तांनी विचारले, वीस वर्षांनी उपचारच बदलले तर पैसा अडकून पडेल, त्याचे काय? शेवटी "गरजू रुग्णांच्या उपचारासाठी, शक्यतो मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी" असे लिहिले.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावरही चालते, आणि नोंदणीही सक्तीची नाही. लागतात ते दोन साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली आहे किंवा ती माझीच असल्याचे माझ्या तोंडून ऐकले आहे, आणि ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या आहेत. तरीही मी नोंदणी केली. दान संस्थेला असले की पुढे कोणी ना कोणी शंका काढतोच. त्याच कारणाने मन शुद्धीवर असल्याचा दाखला मी त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून घेतला नाही, आणि तिथल्या कोणालाही साक्षीला बोलावले नाही. दुय्यम निबंधकांनी दस्त पुढे सरकवून विचारले, "मावशी, कोणाचा दबाव तर नाही ना?" मी नाही म्हटले, मग फोटो आणि अंगठा झाला.

आता एकच काम बाकी आहे. प्लॉटच्या कागदांवर माझे माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ते मृत्युपत्राच्या प्रतीसोबत भाचीकडे द्यायचे आहे.