ज्या रात्री काटा अडकला

लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होतो तेव्हाची गोष्ट, कारखान्याचं नाव घेत नाही. जानेवारी महिना, गाळप फुल जोरात, रात्रीचे नऊ वाजले असतील, कॉलनीत जेवायला बसलो होतो आणि काट्यावरून फोन आला, "ओ सर, वजन घेईना गेलंय, नुसतं गोल फिरायलंय, गाड्या गेटापत्तोर गेल्यात, लवकर या."

ताट तसंच ठेवलं. सीझनमधला कारखाना ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, भरलेली गाडी आधी काट्यावर येते, वजन होतं, मग गव्हाणीला, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर खाली होते आणि रिकामी परत काट्यावर, तेव्हा स्लिप निघते. वजन नाही तर गाडी हलत नाही. तुटलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, वजन घटतं ते शेतकऱ्याचं, साखरेचा उतारा घटतो तो कारखान्याचा, गाडीवानाची पुढची खेप बुडते ते वेगळंच. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या होत्या, बैलं जुवाखालीच उभी, एक म्हातारा गाडीवान पाचट पेटवून शेकत बसलेला, मला बघून म्हणाला, "साहेब, बैलं सकाळपासून सुटली न्हाईत." मला काही बोलता आलं नाही, तसाच सर्व्हर रूमकडं पळालो.

सर्व्हर एकच, त्यात डेटाबेस पोस्टग्रेस, आणि त्याच्यावर दोन्ही काटे, शेतकी, लॅब, स्टोअर, लेखा विभाग असे सगळे. नेहमीच्या लॉगिनने शिरायला गेलो तर मलाच बाहेर काढलं, उरलेले स्लॉट राखीव आहेत म्हणून. पोस्टग्रेसला मूळ सेटिंगमध्ये 100 कनेक्शन असतात, त्यातली 3 सुपरयुजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनसाठी बाजूला ठेवलेली, म्हणजे बाकी सगळ्यांना मिळून 97, आणि ती 97 च्या 97 भरली होती. त्या तीन राखीव जागांमुळंच मी सुपरयुजर म्हणून आत जाऊ शकलो, नाहीतर सर्व्हर बंद करून चालू करायची वेळ आली असती.

आत गेल्यावर पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी बघितली. तिथं प्रत्येक कनेक्शनची एक ओळ असते, कोण, कुठल्या आयपीवरून, कधीपासून, काय करतोय. पण आमच्याकडं 'कोण' या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच नाव. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांनी सगळ्या विभागांना एकच लॉगिन दिलेलं आणि आम्हीही ते कधी बदललं नाही, याचा मला आजही राग येतो. मग आयपीप्रमाणे मोजलं तर दोन काट्यांच्या मशीनवरूनच सत्तरच्या वर कनेक्शन, सगळी लॉक सुटायची वाट बघत, म्हणजे एखादी नोंद कुणी बदलत असेल तर त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं, तशी थांबलेली. स्क्रीन अडकली की काटेवाला प्रोग्राम बंद करून परत चालू करायचा, तो तरी काय करणार बिचारा, पण लॉकसाठी थांबलेल्या जुन्या कनेक्शनला समोरचा निघून गेल्याचं कळतच नाही, ते तसंच लटकून राहतं आणि नवं वेगळं उघडतं. असं करत करत जागा संपल्या आणि लॅबवालेसुद्धा बाहेर.

लॉक कुणी धरलंय ते पोस्टग्रेसच्या पीजी ब्लॉकिंग पिड्स या फंक्शनने शोधलं. वाट बघणाऱ्याच्या पुढं वाट बघणारा, असं मागं मागं जात शेवटी एकच ओळ निघाली. आयडल इन ट्रान्झॅक्शन, साडेसहापासून. म्हणजे कुणीतरी काम अर्ध्यात ठेवून उठलंय, ना सेव्ह, ना रद्द. पहिल्यांदा कॅन्सल करून बघितलं, उत्तर 'टी' आलं, म्हणजे ट्रू, पण हललं काहीच नाही, कारण कॅन्सल चालू क्वेरीला थांबवतं आणि इथं क्वेरी चालूच नव्हती. मग कनेक्शनच तोडणारी टर्मिनेटची ओळ टाईप केली. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं.

आयपी बघितला तर लेखा विभागाचा. पंधरवड्याचं बिल! ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यासाठी तिथला क्लार्क रजिस्टर बघून सोसायटीची, बँकेची, खताची कपात एकेका शेतकऱ्याला भरत बसतो. आणि आमचं सॉफ्टवेअर काट्यावर वजन झालं की त्याच शेतकऱ्याच्या ओळीत एकूण टनेज वाढवतं, म्हणून काटा तिथंच अडकत होता. टर्मिनेट केलं असतं तर त्याची संध्याकाळभराची कपात पुसली गेली असती.

आधी काट्यांची मेलेली कनेक्शनं एकेक करून काढली, प्रत्येक मशीनचं सगळ्यात नवीन तेवढं ठेवलं. तेवढ्यात आमच्यातला एकजण मागून म्हणायला लागला, सरळ किल नाईन मारा, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीनं बंद करायची कमांड. त्याला हात जोडले, पोस्टग्रेसमध्ये एका बॅकएंडला, म्हणजे एका कनेक्शनच्या प्रोसेसला तसं मारलं की सगळ्यांचीच कनेक्शनं तुटतात आणि सर्व्हर रिकव्हरीला बसतो. मग लेखा विभागात पळालो. कुणी नाही, स्क्रीन चालू, रजिस्टर उघडं, त्याच्यावर पट्टी आडवी ठेवलेली. क्लार्क कँटीनमध्ये जेवत होता. ऐकल्याबरोबर पोराचं तोंड उतरलं, म्हणाला, "सर, सव्वादोनशे जणांची भरलीय हो, काढू नका." काढायचं नव्हतंच. हात न धुता आला, सेव्ह दाबलं, मी फोन कानाला लावूनच होतो, आणि पलीकडून काटेवाला ओरडला, "घेतलं! घेतलं वजन!"

दीडपर्यंत थांबून प्रत्येक गाडीचं वजन काट्यावरच्या वहीशी लावून बघितलं, एखादी गाडी दोनदा चढली नाही ना म्हणून. एकही चढली नव्हती, वजन आणि टनेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यामुळं लटकलेली कामं आपोआप मागं फिरली होती.

दुसऱ्या दिवशी वरून सांगणं आलं की कनेक्शनं 500 करा. मी नाही म्हणालो. प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस, तिला मेमरी लागते, आणि लॉक तसंच राहिलं असतं तर 500 पण भरलीच असती, फक्त जरा उशिरा. त्याऐवजी विभागाप्रमाणे वेगळे युजर केले, प्रत्येकाला कनेक्शनची मर्यादा घातली, काट्याच्या जागा कुणी खाऊ नये म्हणून. आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाईमआऊट, म्हणजे काम अर्ध्यात ठेवून इतका वेळ गप्प बसलेलं कनेक्शन आपोआप तुटावं म्हणून, 10 मिनिटं लावणार होतो तर क्लार्क म्हणाला, "सर, एखाद्या नावाची कपात सोसायटीला फोन करून विचारावी लागते, तेवढ्यात सगळं भरलेलं जाईल." त्याचं बरोबर होतं. त्याला 30 केला आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागं लागलो की एकेका शेतकऱ्याला सेव्ह होऊ द्या, सगळं गाव एकदम नको. मार्चमध्ये करून दिलं त्यांनी, पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला आठ दिवस राहिले होते तेव्हा.