साखरपुड्यातला खरडा

27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. नाशिकच्या आमच्या कॉलनीतलं वाचनालय त्या दिवशी संध्याकाळी सहाला भरतं. सहा हे सूचनाफलकावर. खरी सुरुवात पावणेसातला, कारण पाहुण्यांना आणायला गेलेली गाडी दर वर्षी कुठे ना कुठे अडकते. दीपप्रज्वलन होतं, फोटोला हार पडतो, अहवालवाचन आणि अध्यक्षांचं मनोगत होतं. ते दर साली तेच असतं, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझं लक्ष त्या सगळ्या वेळात मांडीवरच्या बंद पाकिटाकडे असतं. त्यात त्या वर्षीचा शब्द असतो.

खेळ साधा आहे. शब्द फळ्यावर लिहायचा, गजराच्या घड्याळात दहा मिनिटं लावायची, आणि त्याच शब्दातली अक्षरं घेऊन होतील तेवढे छोटे शब्द पाठकोऱ्या कागदावर उतरवायचे. दोन अक्षरी शब्दाला एक गुण, तीन अक्षरीला तीन, चार अक्षरीला पाच. दुसऱ्या कुणालाच न सुचलेला असेल तर दुप्पट. विशेषनामं बाद. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे अक्षर जसं आहे तसंच उचलायचं, त्याचा काना-मात्रा सोडवायचा नाही.

हा नियम आला तो ‘साखरपुडा’च्या वर्षी. पाचवीतल्या एका पोराने ठणकावून ‘डास’ वाचला. सभागृह हसलं, पण तो हटेना. ‘सा’चा काना काढला की झाला डास, यात काय चुकलं? आमचे सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे सर, म्हणाले, “बाळा, काने काढू दिले तर साखरपुड्यातून अख्खं लग्न निघेल.” डास गेला. पण त्याच शब्दाने पुढे जी मजा आणली ती मी विसरणार नाही. कोल्हापूरकडच्या एका सूनबाईंनी उभं राहून वाचलं, “खडा. खरडा.” मग जरा थांबून, “रडा. पुसा.” बायकांच्या बाजूने जो हशा उठला! साखरपुड्यात खडा, खरडा, रडा आणि पुसा, सगळं तयारच होतं, बाहेर काढणारी हवी होती. आज्ञार्थी रूपं चालतात का यावर नंतर चहा गार होईपर्यंत वाद झाला. चालतात, असं ठरलं.

सरांशिवाय या खेळात राम नाही. ‘मधुमालती’ दिला त्या वर्षी निम्म्या लोकांनी ‘मधु’ लिहिला होता. सरांनी सगळ्यांचे काटले. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, म्हणून सुटा लिहिताना ‘मधू’. मधुमालती हा समास, त्यातलं पहिलं पद मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतं. म्हणजे तो ‘धु’ शेवटी बसायच्या कामाचा नाही. तेव्हापासून आमच्याकडची पोरं फळ्यावर शब्द पडला की आधी ऱ्हस्व अक्षरं शोधतात आणि त्यांना शब्दाच्या शेवटी बसवायच्या फंदात पडत नाहीत. शुद्धलेखनाच्या तासाला जे झालं नाही ते बक्षिसाच्या पेनाने केलं. सर ऐकत नाहीत असं वाटलं की लोक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा म्हणतात. वाचनालयाची प्रत 1857 च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे, ती उचलायला दोन माणसं लागतात असं सर म्हणतात. एक पुरतो.

पण मी जे ऐकायला येते ते म्हणजे शेवटचं वाचन. प्रत्येकाने उभं राहून आपली यादी वाचायची, दुसऱ्याकडे असलेला शब्द सगळ्यांनी “आहे!” म्हणून खोडायचा. एका वर्षी शब्द होता ‘पावसाळा’. चारच अक्षरं, म्हणून मुलांनी नाकं मुरडली. पाव, वसा, साव, पाळा, वळा झाले. सर खडू खाली ठेवत होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, चहाची गाळणी हातात तशीच, आजी म्हणाल्या, “सावळा धरलात का हो?”

कुणीच धरला नव्हता. इतकी माणसं, आणि दहा मिनिटं फळ्याकडे बघत बसलेली. आजी पुढे म्हणाल्या, “पावसाळ्यात नाही तर कधी असणार तो? आषाढातच की.” सरांनी फळ्यावर ‘सावळा’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. मला तेव्हा भरून आलं, आणि आता लिहितानाही तेच होतंय. पुढच्या वर्षापासून आजींना चहाला लावायचं नाही, पहिल्या रांगेत बसवायचं, असा ठराव मी मांडला. आजींची यादी कधीच लांब नसायची. पण प्रत्येक शब्द वाचून झाला की त्या वर बघायच्या, जणू शब्दानेच “ओ” द्यावी.

2025 चा कार्यक्रम मात्र मनाला लागला. आदल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळालेला, त्यामुळे गर्दी कधी नव्हे एवढी. फेटे काय, सेल्फी काय! समितीतल्या एकांनी शब्दही ‘अभिजात’च घ्या असा आग्रह धरला. घरी करून पाहिला, तर ‘जात’ आणि ‘अजात’ यांच्यापुढे गाडी सरकेना. गुपचूप पाकीट बदललं आणि ‘परवानगी’ टाकला. पण पाकीट फोडेपर्यंत बटाटेवडे संपले होते, आणि वड्यांबरोबर माणसंही. खेळायला उरली एकोणीस. ज्यांनी भाषणात मराठी जगली पाहिजे म्हटलं, तेही त्यात नव्हते. नावं घेत नाही, त्यांना कळेल.

उरलेल्यांनी मात्र जीव ओतला. परवा, रवा, नवा, वानर असे शब्द आले, आणि एका कॉलेजातल्या मुलीने ‘रवानगी’ काढला. पवार विशेषनाम म्हणून गेले. सतरंज्या घालणारी व्यायामशाळेची मुलं, माईकवाला दादा (दर वर्षी फुकट), पाठकोरे कागद कापून आणणारे छापखान्यातले काका, वडे तळणाऱ्या तिघी जावा, बक्षिसाची पेनं देणारे स्टेशनरीवाले, घड्याळ देणाऱ्या समोरच्या वहिनी, या सगळ्यांचे आभार मी त्या दिवशी गडबडीत मानलेच नाहीत, ते इथे मानते. पाण्याच्या जारचे पैसे कुणी दिले ते अजून कळलेलं नाही, त्यांचेही. आणि वॉचमनमामा! त्यांना दुसऱ्या दिवशी फळा पुसायला सांगितलं होतं, तो त्यांनी पुसला नाही, म्हणून मी त्यांच्यावर चिडले होते.

आजी त्या संध्याकाळी आल्या नव्हत्या, गुडघ्यामुळे. दुसऱ्या दिवशी मी पाकीट आणि वहिनींचं घड्याळ घेऊन त्यांच्या घरी गेले. “वेळ लाव,” त्या म्हणाल्या. “मला सूट नको.” गजर वाजला तेव्हा कागदावर पाचच शब्द होते. त्यातला शेवटचा होता ‘वानगी’.

“नमुना दाखवायचा असतो ना दुकानात, ती वानगी,” आजी म्हणाल्या. “काल धरली का कुणी?”

नव्हती. मी तशीच वाचनालयात गेले. फळा पुसलेला नव्हताच. ‘रवानगी’च्या खाली थोडी जागा होती, तिथे लिहिलं.