बाबांची नाडी आणि चष्म्याच्या डबीतली बाटली

बाबा ७९ वर्षांचे. नौपाड्यातून चालत तलावपाळी गाठायची आणि मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारायच्या, हा त्यांचा रोजचा नेम. मार्चपासून मात्र पहिल्याच फेरीत बाकावर टेकायला लागले. "गळून गेल्यासारखं होतं," म्हणायचे. आम्ही वयावर आणि उन्हावर ढकललं.

एका सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरली म्हणून पडले नाहीत. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९७, ठोके ४२. सेल बदलले, तरी ४२. शेवटी मनगट धरून पूर्ण मिनिटभर मोजले. ४१.

तसेच हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी झाला, थायरॉइड आणि पोटॅशियम तपासलं, मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र. छातीला चिकटवलेल्या वायरी, कमरेला डबी, आंघोळ बंद. पेसमेकर हा शब्द कानावर पडल्यापासून आई देवापाशीच बसून होती.

रिपोर्ट दाखवायला जाताना गोळ्यांची पिशवी नेली होती. बीपीसाठी मेटोप्रोलोल ५०, शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी. सगळं बघून डॉक्टर म्हणाले, "काका, डोळ्यांत काही घालता का?" बाबांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. आत बोटभर बाटली, टिमोलोल. काचबिंदूसाठी हिवाळ्यापासून दिवसातून दोनदा.

मेटोप्रोलोल आणि टिमोलोल, हे दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं. थेंब डोळ्यातून नाकाकडे उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो, पोटातल्या गोळीसारखा आधी यकृतातून जात नाही. म्हणजे बाबांच्या हृदयाला दोन्हीकडून ब्लॉकर मिळत होता. डोळ्यांच्या दवाखान्यात बीपी आहे का एवढंच विचारलं होतं, गोळी कुठली ते नाही. मीही सांगितलं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

मी तिथेच विचारलं, गोळी आजपासून बंद करू का? "अजिबात नाही. ही एकदम सोडली तर बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं." त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. थेंब बदलून बीटा ब्लॉकर नसलेले लॅटानोप्रोस्ट आले, गोळी २५ वर आणली. पेसमेकरचं नंतर बघू म्हणाले.

आठवड्याभरात ठोके ५६, मग ६१. नवा थेंब घातल्यावर बाबा डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरतात. डबीत आता सगळ्या औषधांची चिठ्ठी असते, थेंबासकट. दुसरी फेरी अजून अर्धीच होते.