जाताना ताम्हिणी, येताना एसटीच्या मागून

कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा रस्ता कोरडा होता. पिरंगुट, पौड गेलं तरी नुसतं ढगाळच. मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि काचेवर पहिले थेंब आले. ताम्हिणी गावात विंझाईच्या देवळाशी पोहोचेपर्यंत वायपर सर्वांत वरच्या वेगावर होते आणि तरी समोरचं धुकं कापत नव्हतं. शेजारी बाबा, वय ७२, मांडीवर आत्यासाठी घेतलेला बाकरवडीचा पुडा. आत्या श्रीवर्धनला असते. "पावसातलं श्रीवर्धन बघून वीस वर्षं झाली," असं बाबा जूनपासून म्हणत होते, म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातला शनिवार-रविवार काढला.

ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचं ठरवताना मी एक गोष्ट नीट केली आणि एक नाही. नीट केली ती ही, की आदल्या रात्री हवामान खात्याच्या इशाऱ्यात 'पुणे' ही ओळ न बघता 'पुणे घाट' ही ओळ बघितली. या दोन ओळींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुणे शहरात वर्षभराचा पाऊस साधारण ७० ते ७५ सेंटीमीटर. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एकाच दिवसात ५० सेंटीमीटरच्या वर पाऊस झाला होता. म्हणजे आपल्या गॅलरीतून आभाळ बघून घाटाचा अंदाज बांधण्याला काही अर्थ नाही. ऑरेंज अलर्ट म्हणजे २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या पुढे, रेड म्हणजे २०४ च्या पुढे. रेड असेल तर घरात बसायचं, त्यात चर्चा नाही. आमच्या शनिवारी यलो होता.

नीट केली नाही ती गोष्ट म्हणजे रविवारचा आणि सोमवारचा इशारा मी बघितलाच नाही. आपण सगळे उतरायच्या दिवसाची काळजी करतो. त्या दिवशी पहाट असते, माणूस ताजातवाना असतो, घाई नसते. अडकायला होतं ते परतताना, रविवारी दुपारनंतर, जेव्हा सोमवारचं ऑफिस डोक्यात बसलेलं असतं आणि घाटात निम्मं पुणे असतं. हा सगळा वृत्तांत लिहायचं कारण तेच आहे.

उतरण्याबद्दल आधी. टाकी पिरंगुट-पौडलाच भरून घ्या, पुढे घाट संपेपर्यंत भरवसा धरू नका. मोबाईलची रेंज मध्ये बराच वेळ जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा की दोन तास फोन लागणार नाही. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल अजिबात नाही. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली विळ्याला पोहोचेपर्यंत ब्रेक तापून मऊ होतात आणि ओल्या रस्त्यावर ते फार उशिरा कळतं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा नियमही आहे आणि शहाणपणही. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा; वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते समजत नाही. काच आतून धुरकट झाली तर पावसातसुद्धा एसी चालू करायचा आणि हवा काचेवर सोडायची.

आणि धबधब्यापाशी थांबणं. यावर मला मनापासून बोलायचंय. डोंगर कापून जिथे रस्ता काढला आहे, त्या उभ्या कापाच्या खाली गाडी लावून लोक फोटो काढत होते, लहान मुलं घेऊन. सह्याद्रीचा कातळ बसाल्टचा, थरांचा. थरांमध्ये झिजलेला, मातीसारखा झालेला मुरूम असतो. चार दिवस पाणी मुरलं की तो थर चिखल होतो आणि वरचा दगड बसल्या जागेवरून सुटतो. त्याला त्या क्षणी पाऊस लागत नाही. पाऊस उघडल्यावर, ऊन पडल्यावरसुद्धा दरड येते. बारीक खडे टपटपायला लागले, स्वच्छ वाहणारं पाणी एकदम लाल झालं, रस्त्याकडेचा खांब किंवा झाड कललेलं दिसलं, तर काही विचार न करता तिथून निघायचं. थांबायचंच असेल तर गावात थांबा, जिथे डोक्यावर डोंगर नाही.

आम्ही साडेआठला माणगावात पोहोचलो. मिसळ खाल्ली, मोर्बे, साई, म्हसळा करत अकराच्या आत आत्याच्या अंगणात.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं गाव, म्हणजे पेशवाईचं मूळ तिथलं. बाबांना ते दर वेळी नव्याने सांगावंसं वाटतं आणि मलाही दर वेळी ऐकावंसं वाटतं. जेवण झाल्यावर त्यांनीच दिवेआगरला जाऊ म्हटलं, शेखाडीच्या रस्त्याने. पुण्याच्या टप्प्यात याच्याइतका सुंदर समुद्राकाठचा रस्ता मला माहीत नाही. आरावी, कोंडिवली, शेखाडी, एका बाजूला हिरवी टेकडी आणि दुसऱ्या बाजूला थेट लाट. पावसाळ्यात समुद्र निळा नसतो, मातकट राखाडी असतो, आणि त्याचा आवाज काचा लावूनही आत येतो.

आत्याने निघताना एवढंच विचारलं, "भरती किती वाजता गं?" मला माहीत नव्हतं. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी बघितली आणि बोटांवर मोजून सांगितलं, "चारच्या आत परत या." तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे किनाऱ्यावरचं गणित तिच्या तोंडपाठ आहे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. उधाणात या रस्त्याच्या सखल भागांवर लाट येते आणि जाताना वाळू, गोटे टाकून जाते. वळणावर ओल्या वाळूवर गाडी घसरते ती घाटापेक्षा वाईट. आम्ही साडेतीनला परत होतो. हरिहरेश्वरला जाणार असाल तर हेच गणित प्रदक्षिणेच्या वाटेला लावा: भरतीत आणि पावसाळ्यात ती वाट उतरू नका, तिथे माणसं वाहून गेली आहेत. बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने बाणकोटकडे जायचं असेल तर धक्क्यावर पोहोचण्याआधी फोन करा. वारं वाढलं की फेरी थांबते आणि रस्त्याने वळसा फार मोठा पडतो.

रविवारी पहाटेपासून कोसळत होता. तरी दुपारी दोनला निघालो, कारण सोमवारी माझी सकाळी दहाची मीटिंग होती. आत्या म्हणाली, "राहा." मी म्हटलं, "हळू जाऊ."

माणगावला मी गाडी एसटी स्टँडकडे वळवली. ही युक्ती बाबांची. "रस्त्याचं एसटीला विचारायचं, मोबाईलला नाही." नकाशावर ताम्हिणीचा रस्ता निळा, मोकळा दाखवत होता. वाहतूक नियंत्रकांनी मान हलवली. "ताई, पुण्याची गाडी थांबवून ठेवलीय. वर दरड आहे. माणसाला काही झालं नाही, पण विळ्याच्या पुढे सोडत नाहीत." नकाशा मोकळा का दिसत होता ते मग लक्षात आलं: घाटात गाड्याच नाहीत, म्हणून गर्दीही नाही.

दुसरे रस्ते मी तिथेच उभी राहून मोजले. वरंध घाट, महाडहून भोर: पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तो वरचेवर बंद असतो, तेव्हाही होता. आदेश वाचताना अवजड वाहनांना बंद की सगळ्यांना बंद, ते शब्द नीट बघा. आंबेनळी, पोलादपूरहून महाबळेश्वर: लांब, आणि अंधारात पोहोचणार. याच घाटात २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत जाऊन ३० जण गेले. पावसाळ्यात संध्याकाळी तो घाट चढायचा नाही, हे माझं तेव्हापासून ठरलेलं आहे. तिसरा रस्ता सगळ्यांना सुचतो: महामार्गाने कोलाड, वाकण, तिथून पाली, खोपोली आणि एक्स्प्रेसवे. घाट बंद असताना एरवी हाच बरा. पण तो अंबा नदीच्या काठाने जातो आणि अंबा भरली की पाली, जांभुळपाडा भागात पाणी येतं. जांभुळपाड्याने जुलै १९८९ मध्ये काय बघितलं ते तिथली जुनी माणसं अजून सांगतात. पालीच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "पाणी चढतंय, आत्ता निघू नका."

मी दहा मिनिटं गप्प उभी होते. खरं सांगायचं तर त्या दहा मिनिटांत मीटिंगचाच विचार करत होते. नदी अजून पुलावर आलेली नाही, तोवर निघून जाऊ, असं वाटत होतं. २ ऑगस्ट २०१६ ला रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा दोन एसटी पाण्यात गेल्या. पूल दिसतोय म्हणून त्याच्या खाली काय चाललंय ते दिसत नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी मागच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली, उतरायला तयार असल्यासारखी.

मीटिंग रद्द केली. त्याला एक फोन लागला, दीड मिनिटाचा.

माणगावातच लॉज बघितला. रविवारी पावसात खोल्या पटकन भरतात, तेव्हा बंद कळल्याबरोबर आधी खोली घ्या, मग पर्याय शोधत बसा. सोबत ठेवायचं ते एवढंच: बाबांची औषधं दोन दिवस जादा, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, टॉर्च, रोख पैसे, पाणी आणि कोरडा खाऊ. वीज गेली की फोनवरून पैसे देणं बंद पडतं, आणि त्या रात्री वीज गेलीच. आत्यासाठी नेलेल्या बाकरवडीतली निम्मी तिने परत बांधून दिली होती, ती कामाला आली.

शक्य असेल तर तुम्ही शनिवार-रविवार जाऊच नका. शुक्रवारी उतरून रविवारी सकाळी सातला परत निघा, आणि सोमवार मोकळा ठेवा. तो सोमवार लागला नाही तर झोपा काढा.

सकाळी साडेसातला मी पुन्हा स्टँडवर गेले. "पहिली गाडी सोडतोय, मागे मागे जा," वाहतूक नियंत्रक म्हणाले. आम्ही लाल गाडीच्या मागे, अंतर राखून, विळे ओलांडून वर चढलो. दरडीच्या जागी जेसीबी बाजूला उभा होता आणि एकच लेन मोकळी होती. रस्त्याकडेला ढकललेला एक दगड आमच्या गाडीएवढा होता. वरच्या कापातून अजून लाल पाणी येत होतं. हात दाखवणाऱ्या माणसाने आम्हाला थांबवलं, वर बघितलं, मग जा म्हणून खूण केली. बाबांनी काच खाली करून त्याला नमस्कार केला.

मुळशीपाशी पाऊस कमी झाला. पिरंगुटला वायपर बंद केले. चांदणी चौकात रस्ता कोरडा होता.