डावी नडगी

त्या शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोन नडग्या, दोन मांड्या, एक छाती आणि एक पाठ मांडून ठेवली होती. सगळं पांढऱ्या चकचकीत प्लास्टिकचं. आईला इस्लामपूरहून येऊन पंधराच दिवस झाले होते. चहाचा कप हातात घेऊन तिनं टेबलाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अगं, हे माणसाच्या मापाचं आहे का मूर्तीच्या?"

"माणसाच्या. दहा वाजता येतोय तो."

मी ऑर्थोटिस्ट आहे. मुंबईत हाजीअलीच्या संस्थेत शिकले, आता इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या वॉटफर्डला राहते. चालताना ज्यांच्या पायाचा पंजा उचलला जात नाही, त्यांच्यासाठी प्लास्टिकचे स्प्लिंट बनवणं हे माझं रोजचं काम. आपल्याकडे पेशंट त्याला सरसकट कॅलिपर म्हणतात. आणि सुट्टीच्या दिवशी मी 'स्टार वॉर्स'मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची चिलखतं जुळवते. या छंदात पडले ती त्यातली कृती ओळखीची वाटली म्हणून. पॉलिप्रॉपिलीनचा तक्ता भट्टीत मऊ करायचा, पेशंटच्या पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर अंथरायचा आणि मधली हवा खेचून घ्यायची, असा आमचा स्प्लिंट तयार होतो. 1976 मध्ये ट्विकनमच्या एका छोट्या कारखान्यात अँड्र्यू एन्सवर्थ यांनी या सैनिकांची चिलखतं याच पद्धतीनं काढली, फक्त प्लास्टिक वेगळं, एबीएस नावाचं. चित्रण झालं ते एल्स्ट्री स्टुडिओ माझ्या घरापासून गाडीनं वीसेक मिनिटांवर आहे. पुढे या सैनिकांच्या शिरस्त्राणाच्या कॉपीराइटवरून खटला झाला आणि 2011 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हे शिल्प नव्हे, चित्रपट बनवताना उपयोगात आलेली वस्तू आहे. मला तो निकाल मनापासून पटतो. चिलखत अंगावर चढून चाललं पाहिजे. कपाटात ते कितीही सुंदर दिसलं तरी माझ्या लेखी अर्धंच.

दहाला तो आला. सत्तावीस वर्षांचा, ग्रंथालयात नोकरी करणारा. जन्मापासून डावी बाजू कमजोर, डाव्या पायात स्प्लिंट. तो माझा पेशंट नाही. छंदातल्या ओळखीतून आला होता. फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन नावाची जगभरच्या हौशी लोकांची संघटना आहे. ही माणसं चित्रपटाबरहुकूम पोशाख बनवतात आणि रुग्णालयांत, मदतनिधीच्या कार्यक्रमांत एक पैसा न घेता जातात. ती 1997 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केली. अपघातात जखमी झालेला त्यांचा स्वतःचा एक पाय पुढे कापावा लागला होता. हे त्या मुलाला तोंडपाठ होतं. पहिल्या भेटीत त्यानं मला तेच आधी सांगितलं, आणि लगेच विचारलं, "चिलखत घालायच्या दिवशी स्प्लिंट काढून ठेवला तर चालेल ना? पाय बारीक दिसेल."

मी नाही म्हटलं. हेल्मेटमधून स्वतःची पावलं दिसत नाहीत. समोरचं तेवढं दिसतं, तेही हिरव्या काचेतून. पंजा घसटत चालणाऱ्या माणसाला उंबऱ्याची कड दिसली नाही तर तो तोंडावर पडणार. म्हणून स्प्लिंटवरूनच नडगी बसवायची असं ठरलं होतं.

या नडग्या दोन अर्ध्या तुकड्यांच्या असतात, पुढचा आणि मागचा. पुढची सांध पट्टीनं कायमची चिकटवायची आणि मागून वेल्क्रोनं उघडझाप ठेवायची. गोंद मी मुद्दाम सावकाश वाळणारा वापरते. पकड यायला दिवसभर लागतो, पण चुकलं तर सोलून काढता येतो. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ होतो आणि चूक कायमची करून ठेवतो. पुढच्या सांधी आठवड्यापूर्वीच जोडून झाल्या होत्या. सकाळी मी मागची जादा पट्टी कापायला कात्री घेतली, तेव्हा आई म्हणाली, "एवढी काठोकाठ कशाला कापतेस? दोन बोटं माया ठेव." तिनं तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले आहेत. मी मागची माया तशीच ठेवली. खरं तर मला ती जाडजूड वाटत होती.

आईनं टिचबटणं आणि इलॅस्टिकचे पट्टे ताब्यात घेतले. छाती, पाठ, पोट, कंबर हे सगळे तुकडे एकमेकांना आतून या पट्ट्यांनीच लटकलेले असतात. इंग्रजी तिला थोडंच येतं, त्याला मराठी शून्य. ती त्याच्या खांद्यावर पट्टा धरायची आणि भुवई उंचावायची. तो मान डोलवायचा किंवा हलवायचा. त्यांचं माझ्यावाचून छान चाललं होतं.

नडग्या चढवल्या. आरशात बघून तो पहिल्यांदा मोकळं हसला. दोन्ही पाय सारखे दिसत होते. मला तेच हवं होतं आणि चूक तिथेच होती.

"दहा मिनिटं बागेत चाल. दुखलं तर सांग."

तो चालला. परत येऊन म्हणाला, "मस्त आहे. काहीच लागत नाही."

नडगी काढली, स्प्लिंट काढला. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या किंचित खाली, बरोबर आडवी, बोटाच्या पेराएवढी लाल रेघ उठली होती. मी घड्याळ लावलं. आमच्या कामात साधा नियम आहे: लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर तिथे दाब जास्त आहे. त्या जागी फिब्युला हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून. पंजा वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. निरोगी माणसाची ती नस दबली तरी पंजा लुळा पडतो. याचा पंजा आधीच उचलत नव्हता, आणि त्या बाजूची संवेदनाही कमी. "काहीच लागत नाही" हे त्याचं वाक्य खरं होतं. मला भीती वाटली ती त्याचीच.

अर्धा तास झाला. रेघ तशीच.

मी त्याला खुर्चीत बसवून दोन्ही पाय पुन्हा मोजले. त्याच्या पायाची डावी नडगी उजवीपेक्षा 14 मिलीमीटर आखूड. हे माप पहिल्या दिवसापासून माझ्या वहीत होतं. तरीही चिलखताच्या दोन्ही नडग्या मी एकाच उंचीवर कापल्या, कारण टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या की जोडी दिसावी. पेशंटच्या स्प्लिंटची कड त्या हाडाखाली निदान दोन सेंटीमीटर ठेवायची हे मी शिकाऊ मुलांना शिकवते. इथे ती कड नेमकी नसेवर आली होती. त्यात या चिलखताच्या कडा जाड दिसाव्यात म्हणून आत दुमडलेल्या असतात. ती तीन-चार मिलीमीटरची दुमड प्रत्येक पावलाला तिथे रुतत होती.

मी त्याला हे सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग डावीकडे स्प्लिंटशिवाय..."

"नाही."

आईनं माझ्या आवाजावरून ओळखलं. "काय झालं गं?" मी दाखवलं. तिनं चष्मा लावून ती लाल रेघ पाहिली, बोट लावलं नाही. "दंडाला बाही काचते तसं झालंय. खोल गोलाई दे."

तेच केलं. मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात कड वीस मिलीमीटर खाली उतरवली, बाहीच्या मुंढ्यासारखी गोलाई देत. पुढून काही दिसत नाही. बाजूनं दिसतं, पण पडद्यावरची चिलखतंही हातानं कापलेली होती, कोणत्याही दोन सैनिकांच्या कडा तंतोतंत जुळत नाहीत. मग पातेल्यात पाणी उकळलं, तेवढाच कोपरा बुडवला आणि मऊ झाल्यावर दुमड आतून बाहेर वळवली. एबीएस उकळत्या पाण्यात हवं तेवढं वळतं, पण क्षणभर जास्त ठेवलं की आकार सोडतं, त्यामुळे हात भराभर चालवावा लागतो. नंतर आतून सहा मिलीमीटरचा फोम लावला, त्या उंचवट्याभोवतीची जागा तेवढी मोकळी सोडून, म्हणजे भार वर-खाली वाटला जाईल आणि नसेवर काही टेकणार नाही.

सहा मिलीमीटरचा थर सगळीकडून आला की घेर जवळपास चार सेंटीमीटरनं वाढतो. सकाळी काठोकाठ कापली असती तर नडगी मागून मिटलीच नसती. आईची दोन बोटं माया बरोबर तेवढी पुरली. मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती दाताखाली दोरा धरून टिचबटण लावत होती. तिनं नुसती मान हलवली.

दुपारी तीनला तो पुन्हा बागेत चालला, या वेळी वीस मिनिटं, हेल्मेट घालून. नवरा पुढे, मी डाव्या हाताला. पायरी आली की नवरा सांगायचा, "पायरी, एक." परत आल्यावर पाहिलं. बाहेरच्या बाजूला काहीच नाही, पुढे नडगीवर फिकट गुलाबी डाग, तो नऊ मिनिटांत गेला.

डाव्या नडगीच्या आत मी पेन्सिलीनं "14" लिहून ठेवलं आहे. त्यानं ते पाहिलं आणि वर अंगठ्यानं फोम दाबून बसवला. घरी जाताना त्यानं आईपुढे हात केला, तर तिनं त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला.

मांड्या पुढच्या शनिवारी. त्या अजून कापलेल्या नाहीत.