गाडी कधीपासून चालवू, डॉक्टर?

इकडे इंग्लंडमध्ये दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा गोळ्यांच्या यादीसोबत आणखी एक गोष्ट सांगतात: गाडी किती दिवस चालवायची नाही. आपल्याकडे आंबट चालेल का, वांगं चालेल का, हे सगळं विचारून होतं, गाडीचं मात्र कोणी काढत नाही. टाके ओले असताना माणूस फटफटीला किक मारून वावरात हजर.

इकडे लायसन देणारं सरकारी खातं म्हणजे डीव्हीएलए. त्यांनी डॉक्टरांसाठी आजारागणिक मुदती लिहून ठेवल्या आहेत. मोटारसायकल, कार, ट्रॅक्टर एका गटात. ट्रक आणि बस दुसऱ्या, कडक गटात. पहिल्या गटाचं सांगायचं तर लकव्याचा झटका आला, अगदी तासाभरात ओसरला, तरी १ महिना गाडी बंद. हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली आणि हृदयाचं पंपिंग ४० टक्क्यांच्या खाली गेलेलं नसलं तर १ आठवडा, नाहीतर ४ आठवडे. बायपासला ४ आठवडे. मिरगी असेल तर शेवटच्या फिटपासून १२ महिने. फिट आयुष्यात पहिल्यांदाच आली आणि तपासणीत काही निघालं नाही तर ६ महिने. ट्रकवाल्याला मिरगी असेल तर गोळ्यांशिवाय सलग १० वर्षं फिट आलेली नको. हा कायदा ब्रिटनचा, भारतात तो लागू नाही. पण अमरावती-अकोल्याच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायला निदान एक आकडा हाताशी असतो.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. लायसनच्या नमुना १ मध्ये मिरगी, अचानक शुद्ध हरपणं, रातांधळेपणा हे सगळं विचारलेलं आहे. चाळिशीनंतर आणि ट्रक-टॅक्सीच्या लायसनसाठी नमुना १अ वर डॉक्टरांची सही लागते. तब्येत ठीक नसताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली पहिल्या वेळी १,००० रुपये दंड आहे. पण तो फॉर्म बहुतेक वेळा दुसराच कोणी भरतो, आणि सगळ्या रकान्यांत 'नाही'.

इकडचाही कारभार शेवटी सांगणाऱ्याच्या खरेपणावरच चालतो. सांगितलं नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड, पण सांगायचं स्वतःच. २२ डिसेंबर २०१४ ला ग्लासगोमध्ये कचऱ्याची गाडी फुटपाथवर घुसली आणि ६ जण गेले. चालकाची शुद्ध हरपली होती. २०१० मध्ये बसच्या स्टेअरिंगवर असतानाही तेच झालं होतं आणि त्यानं ते लपवलं होतं, हे चौकशीत बाहेर आलं.

म्हणून कोणी चक्कर येऊन पडलं की दोन गोष्टी विचाराव्यात. उभा होता की बसलेला? आणि आधी काही जाणवलं का? मांडवात उन्हात उभं राहून डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम सुटला, मग पडला, तर बहुधा साधी मूर्च्छा. बसल्या जागी, काही कळायच्या आत शुद्ध गेली, तर कारण सापडेपर्यंत हँडलला हात लावू द्यायचा नाही. ईसीजी लवकर काढा. पोरीच्या लग्नाच्या बोलण्यापायी फिटची गोष्ट दाबून ठेवणारी घरं आपल्याला ठाऊक आहेत, पण गाडी चालवणाऱ्यानं डॉक्टरांपासून तरी ती लपवू नये.

आता डोळे. इथं २० मीटरवरून नंबर प्लेट वाचावी लागते, आपल्या नमुना १ मध्ये २५ मीटर लिहिलं आहे. म्हणजे ८२ फूट. वावर मोजायचा टेप घ्या, भर दिवसा कारची प्लेट समोर ठेवा (मोटारसायकलची नको, तिची अक्षरं बारीक असतात) आणि चष्मा लागत असेल तर तो लावूनच वाचायला सांगा. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. एका डोळ्यात मोतीबिंदू असला तर दुसरा सांभाळून घेतो, माणसाला पत्ताही लागत नाही. रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, तेव्हा कुठे शंका येते. तोवर सोयाबीन भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंगावर आलेली असते.

बाजूची नजर वेगळी तपासावी लागते. प्लेट छान वाचणाऱ्याचीही काचबिंदूत कडेची नजर गेलेली असू शकते. लकव्यानंतर तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाऊ शकते आणि मेंदू ती उणीव बऱ्याचदा जाणवूच देत नाही. त्या बाजूनं आलेली बैलगाडी ह्या माणसासाठी नसतेच. समोरासमोर हातभर अंतरावर बसा. त्यानं डावा डोळा तळव्यानं झाकायचा, तुम्ही उजवा. त्यानं तुमच्या नाकाकडेच बघायचं. दोघांच्या मधोमध बोट हलवत ते कडेकडून आत आणा: वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. मग डोळे बदला. तुम्हाला बोट आधी दिसलं आणि त्याला बरंच नंतर, तर नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि तोवर किल्ली काढून ठेवा.

शुगर. इन्सुलिन घेणाऱ्यानं निघण्याआधीच्या २ तासांत शुगर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर २ तासांनी, असा इकडचा नियम. आपल्या आकड्यांत ९० च्या वर असली तर निघा. ७२ ते ९० मध्ये असली तर आधी काही खा. ७२ च्या खाली गाडी नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ह्या गोळ्यांनीही शुगर उतरते. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा नाही. नेमकी गडबड उपासाला होते. नवरात्रात गोळी सकाळी घेतली, पोटात फक्त चहा, आणि माहूरच्या घाटात हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम आला. बघणाऱ्याला वाटतं पिऊन आहे. गाडी कडेला घ्या, किल्ली काढा, सीटवरून उतरा. चहाचे ४ चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग भाकर किंवा बिस्किटं खा. शुगर ठिकाणावर आली तरी ४५ मिनिटं निघायचं नाही, कारण रक्तातला आकडा सुधारला तरी मेंदू मागून सावरतो. हे ४५ मिनिटांचं कोणालाच पटत नाही. खिशात शेंगदाणा चिक्की नको, साखरच हवी. दाण्यातलं तेल साखर लवकर चढू देत नाही. आणि उपास करायचाच असेल तर गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा.

इकडच्या पुस्तकात नसलेली, पण यवतमाळात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे फवारणी. २०१७ मध्ये तिथं शेतकरी, मजूर विषबाधेनं दगावले. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांनी बाहुल्या बारीक होतात, नजर धूसर होते, संध्याकाळच्या उजेडात आणखी कमी दिसतं. पंप कॅरिअरला बांधून माणूस नेमका त्याच वेळी घरी निघतो. भिजलेला सदरा अंगावर असेतो विष कातडीतून आत जातच राहतं. विहिरीवर साबणानं अंग धुवा, कपडे बदला, अर्धा तास बसा. डोकं दुखलं, लाळ सुटली, मळमळलं तर दुसऱ्याच्या गाडीवर मागेही बसू नका, १०८ ला फोन करा आणि डब्यावरचं लेबल सोबत ठेवा.

सर्दीच्या जुन्या पिवळ्या-पांढऱ्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन झोप आणतं. मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो, सूचना त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. दारूबद्दल एवढंच की आपला कायदा इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम, इकडे ८०.

समृद्धीवर सरळ रस्ता आणि दुपारचं ऊन असलं की डुलकी लागतेच. ताशी ८० च्या वेगानं ३ सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या पुढे जाते. काच खाली करून, गाणी लावून काही होत नाही. दोन कप कडक कॉफी पिऊन १५ मिनिटं झोपा. उठेस्तोवर ती चढलेली असते. रात्री जोरात घोरणारा आणि दिवसा बसल्या बसल्या पेंगणारा ड्रायव्हर असेल तर त्याची झोपेची तपासणी करून घ्या, त्याला कामचुकार म्हणून उपयोग नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे बाबांकडून किल्ली घेणं. इकडे ७० नंतर दर ३ वर्षांनी लायसन नवं करावं लागतं, तेही स्वतःच लिहून दिलेल्या माहितीवर. डोळे तपासण्याची सक्ती नाही, आणि हे आम्हाला चूकच वाटतं. पोरानं सांगितलं की भांडण होतं, डॉक्टरांनी सांगितलं की ऐकतात, तेव्हा डॉक्टरांना आधी बाजूला घेऊन सांगा आणि चिठ्ठीवर गाडी बंदची मुदत लिहून मागा. पर्यायही लगेच द्या. एसटीत ६५ वर्षांपुढे अर्धं तिकीट, ७५ पुढे फुकट. बाजाराच्या दिवशी गावातून पहिली गाडी किती वाजता सुटते ते कंडक्टरला विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.